आपल्या घरचं सोंग

पेठ नाका, नाशिक
१२ ऑगस्ट २००१

अमित्या,

शहाण्या, जायचं होतं तर सांगून तरी जायचंस! मी रविवारी डबा घेऊन हॉस्टेलच्या दारात उभी, आणि तुझ्या खोलीतला पोरगा म्हणतो, "ताई, तो तर गुरुवारीच मुंबईला गेला. अ‍ॅक्टर व्हायला." डब्यात मेथीची भाजी होती, तुझी आवडती. ती मी त्या पोरालाच दिली. निदान त्यानं सांगितलं तरी.

बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकलंस ते टाकलंस. पण सख्खी बहीण सहा वर्षं मुंबईत नाटकं-मालिका करून आलेली, तिला एका शब्दानं विचारलं नाहीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझा पत्तासुद्धा मला त्याच पोराकडून घ्यावा लागला, दहिसरचा. हे पत्र पोचलं तर उत्तर दे, नाहीतर मीच तिथे येऊन तुझा कान धरीन. चार लोकांत धरीन, सांगून ठेवते.

पाड्यावर कळलंय. आईनं सांगितलं, बाबांनी ऐकून घेतलं, विळा उचलला आणि नागलीत गेले. त्या दिवसापासून घरात तुझं नाव घेत नाहीत. आईशी बोलताना तुला नुसतं "तो" म्हणतात. आणि कॉलेज सोडलंस म्हणून त्यांना राग आलेला नाही, हे तुलाही ठाऊक आहे. चैत्रात बोहाडा येईल. गावातली सगळी सोंगं रात्रभर नाचून झाली की उजाडता उजाडता देवीचं सोंग निघतं. तो लाकडी मुखवटा आजोबांनी चढवला, बाबांनी तीस-बत्तीस सालं चढवला आणि आता तो तुझ्याकडे यायचा. सोंग आपल्या घरचं, आणि चढवणारा आपल्या घरातला हवा. मी थोरली आहे, पण मी मुलगी. सोंग देवीचं, पण बाईला नाही! असो. त्यावर बोलायला लागले तर हे पत्र संपायचं नाही.

बाबांचा गुडघा गेल्या सालापासून कुरकुरतोय. येत्या चैत्रात घरातलं कुणी नाचलं नाही, तर पंच ते सोंग दुसऱ्या घरात देतील. आणि दुसरं घर म्हणजे कोण? चिमाजी! त्याचा जयराम दोन वर्षांपासून अंगणात घमेलं डोक्यावर घेऊन सराव करतोय. मी मेलो तरी सोंग चिमाजीच्या दारात जाऊ देणार नाही, असं बाबा भर पंचांत बोललेत. तेव्हा चैत्रात यायचंस. हे पक्कं.

आता गेलाच आहेस तर ऐक. एका खोलीत चारही जण अ‍ॅक्टर असतील तर तिथून ऊठ. काम कुणालाच नसलं की संध्याकाळी त्या खोलीत सुतक असतं, आणि एकाला मिळालं की तिघांना ताप येतो. एखादा तरी नोकरीवाला पाहिजे, म्हणजे सकाळी गजर वाजतो. तूही काहीतरी धर. ऑडिशनसाठी सुट्टी मिळेल असं कुरिअरचं किंवा शिकवणीचं काम बघ. रिकाम्या पोटी गेलेला माणूस खोलीत शिरताच ओळखू येतो, त्याच्या डोळ्यांत अभिनय नसतो, भाकरी असते. आणि काम देण्याआधी जो पैसे मागेल त्याच्या ऑफिसातून पाणीसुद्धा न पिता बाहेर पड. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. तिसरी गोष्ट, दारावरच्या वॉचमनशी नीट बोल. साहेब कधी येतो ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

संध्या मुंबईत हरली म्हणून परत आली, असं पाड्यावर बोलतात. तूही ऐकलं असशील. बोलू देत. मी शेजारीण झाले, नर्स झाले, वकिलीण झाले. एकदा नाटकातली बाई आजारी पडली तर संध्याकाळपर्यंत अख्खी भूमिका पाठ करून उभी राहिले आणि प्रॉम्प्टरला तोंड उघडू दिलं नाही. मग मला शाळेची नोकरी आणि तुझे दाजी, दोन्ही आवडले, म्हणून आले. मान वर करून आले. तूही हवं तेव्हा ये, फक्त मान खाली घालून येऊ नकोस.

संध्याताई


नाशिक
४ नोव्हेंबर २००१

अमित,

पत्र मिळालं. फोटोही मिळाला. हा कोण रे? काळा चष्मा, कुणाची तरी मोटारसायकल, आणि हनुवटी अशी वर केलीय की मला नाकपुड्याच दिसल्या. नाक आईचं आहे म्हणून ओळखलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

हा फोटो कुणाला देऊ नकोस. दिला असशील तर देवाचं नाव घे. साधा एकरंगी शर्ट घाल, केस विंचर, खिडकीशी उभा राहा आणि समोर बघ. डोळे दिसले पाहिजेत. एक फोटो नुसता चेहऱ्याचा, एक उभा, बस. फोटोत आहेस तसाच दारात दिसला पाहिजेस. बोलावणाऱ्याला वाटतं आपल्याला हा पोरगा हवाय, आणि दारात दुसराच उभा राहिला की त्याचा वेळ वाया जातो. मग तो पुन्हा बोलावत नाही. मागच्या बाजूला नाव, उंची आणि निरोप ठेवता येईल असा फोन नंबर लिही. आणि ज्यांचा फोन आहे त्या काकूंना दिवाळीचा फराळ नेऊन दे. मी पाठवलाय, त्यातला अर्धा त्यांचा. सगळा गिळू नकोस.

तू लिहिलंयस की तुझ्या बोलण्याला हसतात. "लय" म्हणालास आणि खोलीभर हशा पिकला. पिकू दे. आपलं बोलणं घालवू नको, त्याच्या शेजारी दुसरं शिक. रोज सकाळी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्यानं वाच, एक दिवस मराठी, एक दिवस हिंदी. मलाही हसले होते. पुढे एका मालिकेत डोंगरातली बाई हवी होती, तेव्हा पुण्याच्या चार पोरी तोंड वेंगाडून "हाय की नाय" करत होत्या. मी फक्त बोलले, आणि काम मला मिळालं. तेव्हा मला आपल्या पाड्याचा जो अभिमान वाटला ना, तो पाड्यावर राहून कधी वाटला नव्हता.

आणि येत नसेल त्याला हो म्हणू नकोस. पोहता येतं का विचारलं तर छाती काढून हो म्हण, दमणगंगेच्या डोहात वाढलास तू. घोडा येतो का विचारलं तर नाही म्हण. मी हो म्हणाले होते. घोड्यानं मला चिंचेच्या झाडाखाली नेऊन थांबवलं आणि सगळं युनिट आम्हा दोघांची वाट बघत उन्हात उभं. अजून आठवलं की कान गरम होतात.

बाबा बरे आहेत. मी परवा जाऊन आले. तुझं नाव नाही काढलं. पण निघताना आईला विचारत होते, "तिथं तांदूळ कंचा खात्यात?" आता हे काय ते माझ्यासाठी विचारत होते का? पाच किलो पाठवलेत, एसटीच्या पार्सलात टाकते. आपल्या शेतातले आहेत.

ताई


नाशिक
२२ जानेवारी २००२

अरे माझ्या राजा,

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि मधल्या सुट्टीत एकटीच खो खो हसत सुटले. शेजारच्या बाईंना वाटलं मला काहीतरी झालं. घरी येऊन दाजींना वाचून दाखवायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीला मला रडू फुटलं. काय करू मी तुझं?

पुन्हा सांग मला. पौराणिक मालिका, राक्षसाच्या सेनेतला शिपाई, दोन ओळी बोलायच्या. रंग लावला, शिंगांचा मुकुट बांधला. आणि सहायक दिग्दर्शक ओरडतोय, "अमित कौन है? अमित! अरे अमित किधर गया?" आणि तू त्याच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि ओ देत नाहीस! का? तर तोंडाला रंग लागला, डोक्यावर मुकुट चढला, म्हणजे सोंग चढलं. आणि सोंग चढल्यावर कुणी नावानं हाक मारली तर आपल्या घरचा माणूस ओ देत नाही. बापानं मारली तरी नाही. तुझ्या दोन ओळी बाजूच्या पोराला दिल्या आणि तुला मागच्या रांगेत भाला धरून उभं केलं. बरोबर?

मूर्खा! अरे तो काय बोहाडा होता? समोर कॅमेरा, मागे पंखा, बाजूला चहाची किटली! जगात दुसरा कुठलाही पोरगा ही चूक करणार नाही. ही चूक करायला आपल्याच पाड्यावर जन्माला यावं लागतं.

आता नीट ऐक. बोहाड्यात सोंग चढलं की ते उतरेपर्यंत तू देव. सेटवर "ॲक्शन" म्हटल्यापासून "कट" म्हणेपर्यंत तू राक्षस, आणि मधल्या वेळात तू कामावर आलेला अमित. हाक आली की पहिल्या हाकेला हात वर. कपडेवाले दादा बोलावतील, लाइटवाले सरक म्हणतील, कुणी तरी उंची विचारेल. सगळ्यांना ओ द्यायची. तिथे शंभर माणसं एका माणसाच्या चेहऱ्यासाठी राबत असतात, तो चेहरा वेळेवर सापडला पाहिजे. मागच्या शॉटमध्ये भाला कुठल्या हातात होता तेही लक्षात ठेव, कारण ते विचारतील. उद्या जा, त्या सहायकाला भेट, चूक झाली म्हण. कारण सांगत बसू नकोस, त्याला वेळ नसतो.

हे झालं कामाचं. आता माझं ऐक. अमित, मला तुझा अभिमान वाटतो. दोन ओळी गेल्या तर गेल्या, मिळतील आणखी. पण भाड्याचा मुकुट, पुठ्ठ्याची शिंगं, आणि तू ते सोंग मानलंस. मी सहा वर्षांत असं मनापासून किती वेळा उभी राहिले, मला सांगता यायचं नाही. तेवढं मात्र सोडू नकोस.

रविवारी पाड्यावर गेले तेव्हा ही गोष्ट आईला सांगितली, बाबा ओट्यावर होते. "असं झालं तुमच्या लेकाचं" म्हटलं. तंबाखू मळत बसले. पण आई म्हणाली, मी पाण्याला गेले तेव्हा कितीतरी वेळ ते एकटेच हसत होते, आणि मग म्हणाले, "ओ नाय दिली. भर लोकांत नाय दिली."

तुझी ताई


नाशिक
३१ मार्च २००२

चि. अमित,

तुझं पत्र हातात आहे, आणि काय लिहू सुचत नाही. आधी हे लिहिते. शाब्बास! शाब्बास रे माझ्या वाघा! खून झालेल्या बाईचा भाऊ, कोर्टातली साक्ष, अख्खा सीन तुझा. आणि बोलावलं कुणी? त्याच सहायकानं, ज्यानं तुला मागच्या रांगेत भाला दिला होता. चूक झाली म्हणायला गेलास ते त्याच्या लक्षात राहिलं. हे शहर असंच आहे, लोक विसरत नाहीत, ना वाईट ना चांगलं.

आता दुसरं. शूटिंग नेमकं बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी. तू विचारतोस, "ताई, तारीख बदलून मागू का? चैत्रात येईन म्हणून तुला शब्द दिलाय."

मागू नकोस.

नवीन माणसानं एकदा तारीख दिली की ती दगडावरची रेघ. तू नाही आलास तर कोर्ट थांबणार नाही, दुसरा भाऊ उभा करतील. पाच मिनिटांचं काम असतं ते. "मुखवटा नाचायला गावी जायचंय" हे तिथे कुणाला कळणार नाही, आणि कळलं तरी पुढच्या वेळी फोन येणार नाही. मी तुझ्याकडून घेतलेला शब्द तुला परत करते. तू शूटिंगला जा.

बाबांची काळजी करू नकोस. गुडघा ठीक आहे. पेठच्या डॉक्टरांनी औषध दिलंय, आई रोज शेकते. ते स्वतः नाचतील. दरसाल नाचतात, याही साली नाचतील, त्यात काय एवढं? मी या वेळी रजा काढून जरा आधीच जातेय. सहज. बऱ्याच दिवसांत निवांत राहिले नाही आईपाशी.

साक्षीचं वाक्य पाठ करताना रडण्याचा सराव करू नकोस. रडू आवरायचा सराव कर, मग रडू आपोआप नीट येतं. आदल्या दिवशी लवकर झोप. गोरेगावला वेळेच्या तासभर आधी पोच आणि काहीतरी खाऊन जा. आणि पत्र पाठवू नकोस, त्या आठवड्यात मी पाड्यावर असेन.

ताई


नाशिक
३० एप्रिल २००२

अमित,

आता सगळं सांगते. आधी सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, म्हणून नाही सांगितलं. आणि त्याची मला लाज वाटत नाही.

बाबांचा गुडघा ठीक नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नाचायचं नाही. मी पोचले तेव्हा त्यांना ओटा चढायला भिंत लागत होती. आणि तुला माहीत आहे, देवीचं सोंग अंगावर असताना नाचणारा पडला तर तो नुसता पडत नाही. सगळ्या गावाचं ते साल पडतं. पंच येऊन बसले. म्हणाले, "मंगळू, पोरगा येतोय ना?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "येत नाही. त्यानं मुंबईत शब्द दिलाय, त्याच दिवशीचा. आणि मीच त्याला येऊ नको म्हटलंय." आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा म्हणाले, "मी हाय ना." बास, एवढंच. मुंबईचे नियम तुला शिकवताना मी मोठी शहाणी होते, पण इथे बापाचा पाय मोडला असता तर मी कुठल्या तोंडानं बघितलं असतं?

शेवटच्या दिवशी फटफटायला लागलं. सांबळ वाजत होता, टेंभेवाले रांगेत उभे होते. बाबा घरातून निघाले ते सोंग डोक्यावर चढवून नाही, दोन्ही हातांवर घेऊन. लुगडं नेसलेले नव्हते. लोक कुजबुजायला लागले. बाबा लंगडत लंगडत अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले, जिथे चिमाजीच्या घरची माणसं उभी होती. आणि त्यांनी हाक मारली, "जयराम! पुढं ये."

चिमाजीला वाटलं भांडण होणार. तो पोराच्या पुढे आला. पंचांतला एक जण म्हणाला, "मंगळू, तुझ्या घरचं सोंग हे. तुझा पोरगा कुठं हाय?"

आणि अमित, आपले बाबा, जे तुला नऊ महिने "तो" म्हणत होते, ते सगळ्या गावासमोर आवाज चढवून बोलले. "माझा अमित दुसऱ्या सोंगात हाय. मुंबईला. एक माणूस दोन सोंगं घेत नाय. घेतलेलं टाकून तो हितं आला असता, तर मीच तेला या सोंगाला हात लावू दिला नसता."

चिमाजी पोराच्या पुढून बाजूला झाला. "एका सालापुरतं का, मंगळू?" त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले, "नीट नाचला तर ठेव."

त्यांनी स्वतःच्या हातांनी जयरामला सोंग बांधलं. गाठी तपासल्या, एक सोडून पुन्हा बांधली. मग कुणाच्या तरी हातातला टेंभा घेतला आणि त्याच्यापुढे चालायला लागले, लंगडत, मागे न बघता ओरडत, "डावा! आता डावा! मान हलवू नको!" जयराम चांगला नाचला. खोटं कशाला बोलू, फार चांगला नाचला. ऊन वर आलं तेव्हा बायका ओवाळायला पुढे झाल्या, आणि ओवाळून झाल्यावर बाबांच्याही पाया पडल्या. आपल्या घरचा मान गेला रे. पिढ्यानपिढ्यांचा. मी टिपं गाळत होते, आणि तरी त्या गर्दीत माझ्याएवढी ताठ उभी राहिलेली बाई दुसरी कुणी नसेल. आपल्या बापाचा एवढा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता. तुलाही वाटू दे. मान गेला म्हणून रडायचं असेल तर रड, पण अपराधी होऊ नकोस. सोंग त्यांनी दिलंय, तू घालवलेलं नाहीस.

दुपारी ते ओट्यावर पाय लांब करून पडले होते. मी गुडघ्याला तेल लावत होते. डोळे मिटलेलेच, म्हणाले, "तेला लिवशील ना?" मी म्हटलं, लिहीन. म्हणाले, "लिव, बा रागावलाय. न सांगता गेला, तो राग हाय, आन तो जायचा नाय." मी म्हटलं बरं. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "आन इचार. काम नीट केलंस का?"

तर विचारलंय त्यांनी. याचं उत्तर मला लिहू नकोस. वर बाबांचं नाव घाल, पाड्याचा पत्ता घाल आणि मोठ्या अक्षरात लिही. वाचून दाखवायला मी जाईन.

संध्या